संशय आणि पुरावा : काही पाहण्याजोगे रहस्यपट

रहस्यपट पाहण्यात वेळ घालविणे हे पोक्तपणाचे लक्षण नव्हे, असे मानणारी मंडळी प्रत्येक गावात पुष्कळ आढळतात. नाटकाला जावे, व्याख्यानाला यावे, फार तर एखादा सामाजिक बोलपट पाहावा; परंतु खून, चोऱ्या आणि गुप्तहेर यांच्या मागे लागणे हा पोरखेळ होय, असा त्यांचा अभिप्राय असतो. आमचा अनुभव निराळा आहे. आमचे शाळेतील शिक्षण बेताचेच झाले. वाचनाची गोडी लागली ती वाचनालयातील पुठ्ठे निखळलेल्या अर्नाळकरी पुस्तकांमुळे. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळापहाड ही मंडळी आमचे पहिले गुरुजी. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे आमच्यासारख्या कामकरी माणसांवर मोठे ऋण आहे. त्या पुस्तकांवरून आम्ही रहस्यपटांकडे वळलो, आणि युनियनच्या कामातून सवड मिळेल तसे गेली तीस वर्षे ते पाहत आलो.

या काळात एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. साधारण रहस्यपट आपल्याला संशय घ्यावयास शिकवतो. उत्तम रहस्यपट घेतलेला संशय पुरावा मिळेपर्यंत हातात राखून ठेवावयास शिकवतो. पहिली गोष्ट कोणालाही जमते. दुसरी फार थोड्यांना जमते, आणि ती न जमल्यामुळे माणसांचे जीव जातात, हे पुढे दिसेलच. या कसोटीला उतरलेले आठ चित्रपट येथे सांगावयाचे आहेत. शेवट फोडण्याचे पाप मात्र आम्ही करणार नाही.

प्रथम या जातीच्या चित्रपटांची घडण थोडी समजून घेऊ. ‘कोणी केले?’ हा प्रश्न शेवटच्या रिळापर्यंत ताणून धरणारा एक प्रकार आहे. दुसऱ्या प्रकारात गुन्हेगार आपल्याला आधीच ठाऊक असतो. तो सापडतो कसा, हे पाहावयाचे असते. या दोहोंतील भेद आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाने फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो याला १९६२ साली दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत एका दाखल्याने समजावून दिला. टेबलाभोवती माणसे गप्पा मारीत बसली आहेत आणि टेबलाखाली बाँब आहे. प्रेक्षकाला बाँबची कल्पना नसेल, तर स्फोट होईल तेव्हा तो क्षणभर दचकेल, एवढेच. पण बाँब ठेवलेला त्याने पाहिला असेल, आणि तो किती वाजता फुटणार हेही त्याला ठाऊक असेल, तर त्याच रिकाम्या गप्पा ऐकताना त्याचा जीव टांगणीला लागतो. म्हणजे माहिती दडवून जेवढे साधते, त्याहून अधिक ती योग्य वेळी देऊन साधते. चांगला रहस्यपट पाहताना कोणती माहिती आपल्याला केव्हा दिली आणि कोणाच्या तोंडून दिली, इकडे लक्ष ठेवले की निम्मे रहस्य हाती आलेच म्हणून समजावे.

पहिला चित्रपट जर्मनीतला. फ्रिट्झ लँग या दिग्दर्शकाचा ‘एम’, १९३१ सालचा. हा लँगचा पहिला बोलपट. एका मोठ्या शहरात लहान मुलींचे खून होत आहेत. आरंभीच एक आई जेवण मांडून मुलीची वाट पाहते आहे. पुढे पडद्यावर दिसते ती रिकामी खुर्ची, गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. खून दाखविलेलाच नाही. तो आपल्या मनात घडतो. नंतर पोलिसांचे काम सुरू होते. नकाशावर कंपासने वर्तुळे काढून शोधाचे क्षेत्र वाढवीत नेणे, वेड्यांच्या इस्पितळातून सोडलेल्यांच्या याद्या तपासणे, सिगारेटचे थोटूक, खिडकीच्या चौकटीवर उमटलेल्या पेन्सिलीच्या खुणा. पोलिसांच्या धाडींमुळे शहरातील चोर-दरोडेखोरांचा धंदा बसतो, म्हणून तेही भिकाऱ्यांना पहाऱ्यावर बसवून खुन्याचा माग काढू लागतात. खुनी ओळखू येतो तो त्याच्या शिटीच्या सुरावरून, आणि ओळखणारा असतो एक आंधळा फुगेवाला.

परंतु आमच्या मनात घर करून राहिला तो एक लहानसा प्रसंग. रस्त्यात एक मुलगी एका म्हाताऱ्याला किती वाजले म्हणून विचारते. तो घड्याळ पाहून सांगतो. एवढ्यावरून एक धिप्पाड गृहस्थ त्याला हटकतो, माणसे जमतात, आणि पाहता पाहता त्या निरुपद्रवी म्हाताऱ्याभोवती झुंड गोळा होते. हा प्रसंग जुना जर्मन म्हणून सोडून देता येत नाही. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने मुले पळविणारे समजून ठार मारले. मोबाइलवरून तशी अफवा पसरली होती. त्यांच्यापैकी कोणी एका लहान मुलीशी बोलल्याचे निमित्त झाले, असे वृत्तपत्रांत आले होते. लँगने ८७ वर्षे आधी जे पडद्यावर मांडले, ते आपल्या बाजाराच्या गावी घडले. ‘एम’च्या अखेरीस गुन्हेगारांनी भरविलेले एक न्यायालय आहे. त्यात खऱ्या खुन्याचीही बाजू मांडणारा एक जण उभा राहतो आणि याला कायद्याच्या हवाली करा म्हणतो. त्या वेळी प्रेक्षक म्हणून आपले मन कोणत्या बाजूला झुकते, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहावे.

दुसरा चित्रपट हिचकॉकचा ‘रिअर विंडो’, १९५४ सालचा. पाय मोडून प्लॅस्टरमध्ये जखडलेला एक वृत्तछायाचित्रकार न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील आपल्या खोलीत चाकाच्या खुर्चीवर बसून समोरच्या बिऱ्हाडांच्या खिडक्या न्याहाळतो. चाळीत वाढलेल्या माणसाला या छंदाचे वर्णन सांगावयास नको. समोरच्या फिरत्या विक्रेत्याची आजारी बायको एकाएकी दिसेनाशी होते. तो भर पावसात, रात्री, पेटी घेऊन पुन्हा पुन्हा बाहेर जातो. वर्तमानपत्रात सुरी आणि करवत गुंडाळताना दिसतो. छायाचित्रकाराची खात्री होते, आणि आपलीही. पण त्याचा पोलीस खात्यातील मित्र प्रत्येक गोष्टीचा साधा, सरळ खुलासा देत जातो. येथे प्रश्न ‘खून कोणी केला?’ असा नाही. ‘खून झाला आहे काय?’ असा आहे. कॅमेरा जवळजवळ सर्व वेळ त्या एका खोलीतच राहतो. जेवढे नायकाला दिसते तेवढेच आपल्याला. यासाठी तो सबंध चौक, बिऱ्हाडांसकट, स्टुडिओत उभारला होता. पाहताना एक कागद घेऊन दोन रकाने करावेत. एकात ‘पाहिले’ ते लिहावे, दुसऱ्यात ‘तर्क केला’ ते. दुसरा रकाना किती लवकर भरतो, याचे नवल वाटेल.

हे दोन रकाने आम्ही चित्रपटगृहात शिकलो नाही. एका पस्ताव्यातून शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्याच्या स्टोअरमधून तांब्याच्या तारेची दोन वेटोळी कमी भरली. ज्या दिवशी हे उघडकीस आले, त्याच्या आदल्या संध्याकाळी कंत्राटावरील एक हेल्पर मोठी पिशवी घेऊन गेटबाहेर पडताना दोघांनी पाहिला होता. त्याला चार्जशीट मिळाली. आमच्या कमिटीत चर्चा झाली, आणि चोरांसाठी युनियनने भांडू नये, असे ठरले. त्या ठरावाला आमचाही हात वर होता. अकरा दिवस आम्ही त्याच्या खोलीकडे फिरकलो नाही. बाराव्या दिवशी त्याची बायको युनियनच्या कचेरीत आली आणि एवढेच म्हणाली, “भाऊ, तुम्ही त्यांना विचारलं तरी का, पिशवीत काय होतं?” आम्ही विचारले नव्हते. पिशवीत गावी न्यावयाचे अंथरूण होते. मग इन्क्वायरीत आम्ही स्टोअरचे रजिस्टर मागितले, चिठ्ठ्या एकेक करून लावल्या, आणि ती वेटोळी दुसऱ्या खात्याला रीतसर दिली गेली होती असे निघाले. नोंद करावयाची राहिली होती. चोर कोण, यावर पंधरा दिवस वाद चालला होता, आणि चोरी झालीच नव्हती. तो कामावर परत आला, पण आमच्याशी पूर्वीसारखा कधी बोलला नाही. आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता.

यानंतर सिडने ल्यूमेट या दिग्दर्शकाचा १९५७ सालचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ पाहिला तेव्हा आमची मान खाली गेली. बापाच्या खुनाचा आरोप असलेला झोपडवस्तीतील एक पोरगा. ज्यूरीचे बारा लोक एका खोलीत. बाहेर कडक उन्हाळा. पहिल्या मतदानात अकरा जण दोषी म्हणतात, एक जण नाही म्हणतो. ही भूमिका हेन्री फोंडाची. तो मुलगा निर्दोष आहे असे तो म्हणतच नाही. एका जिवाचा निकाल पाच मिनिटांत लावू नये, बोलू तरी, एवढेच त्याचे म्हणणे. मग एकेक पुरावा पुन्हा हातात घेतला जातो. असा चाकू दुसरा नाही, असे सांगितलेले असते. फोंडा तसाच दुसरा चाकू खिशातून काढून टेबलावर ठेवतो. लंगडत चालणाऱ्या साक्षीदाराला दारापर्यंत पोचावयास किती सेकंद लागले असतील, हे तो स्वतः चालून दाखवितो. आगगाडीच्या धडधडाटात आवाज ऐकू येईल काय, याचा विचार होतो. गुप्तहेर नाही, पाठलाग नाही, बहुतेक सारा चित्रपट एका खोलीत; तरीही यापरता रहस्यपट आम्ही पाहिलेला नाही. बासू चतर्जी यांनी १९८६ साली ‘एक रुका हुआ फैसला’ या नावाने तो हिंदीत आणला. इंग्रजी जड जाणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा. आपल्याकडे फौजदारी खटल्यांत ज्यूरीची पद्धत राहिलेली नाही, परंतु चहाच्या टपरीवर आणि मोबाइलवर बारा जणांची ज्यूरी रोज बसते, आणि तिच्यात फोंडा क्वचितच असतो.

आपल्या देशातील दोन चित्रपट याच पंगतीला बसण्याजोगे आहेत. पहिला बी. आर. चोप्रा यांचा ‘कानून’, १९६०. गाण्यांवाचून हिंदी चित्रपट ही कल्पनाच त्या काळी धाडसाची. या चित्रपटात एकही गाणे नाही. एक सरकारी वकील आपल्या डोळ्यांदेखत खून झालेला पाहतो, आणि खून करणारा त्याला दिसतो तो त्याच्या परम आदरातला न्यायाधीश. पकडला जातो मात्र एक भुरटा चोर. ही चोराची भूमिका नाना पळशीकरांची. तेवढ्यासाठीही चित्रपट पाहावा. ‘मी प्रत्यक्ष पाहिले’ या वाक्यात किती बळ आहे आणि किती धोका आहे, हा त्याचा विषय. दुसरा आपला मराठी ‘पाठलाग’, १९६४, दिग्दर्शक राजा परांजपे. पत्नीचा मृत्यू झालेल्या एका माणसापुढे हुबेहूब तशीच एक स्त्री उभी राहते आणि आपणच ती, असे म्हणते. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांची कामे आहेत. त्यावरून राज खोसला यांनी १९६६ साली ‘मेरा साया’ काढला. हिंदी चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि मराठी मूळ राहून गेलेले असते. ओळख पटणे म्हणजे काय, आणि ती पटवावयास कोणता पुरावा पुरेसा मानावा, हा प्रश्न येथे संसाराच्या आत शिरून उभा राहतो.

सहावा चित्रपट जपानचा. अकिरा कुरोसावा यांचा १९६३ सालचा. इंग्रजीत त्याला ‘हाय अँड लो’ म्हणतात, पण मूळ जपानी नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’ असा आहे. एड मॅकबेन या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवरून तो घेतला आहे. योकोहामा शहरात टेकडीवर गोंदो नावाच्या, बूट तयार करणाऱ्या कंपनीतील अधिकाऱ्याचा बंगला आहे. कंपनी ताब्यात घेण्यासाठी त्याने घरदार गहाण टाकून पैसा उभा केला आहे. त्याच वेळी फोन येतो : तुमच्या मुलाला पळविले आहे, तीन कोटी येन द्या. गोंदो तात्काळ तयार होतो. मग कळते की चुकीने पळविला गेला आहे तो त्याच्या ड्रायव्हरचा मुलगा. खंडणी मात्र तेवढीच मागितली जाते. मालकाने नोकराच्या मुलासाठी आपले सर्वस्व द्यावे काय? जवळजवळ तासभर हा प्रश्न एका दिवाणखान्यात घोळत राहतो, आणि ड्रायव्हर कोपऱ्यात मान घालून उभा असतो. आम्ही आयुष्यभर मालक-कामगारांची बोलणी केली, पण त्या कोपऱ्यातील माणसाइतके बोलके मौन आमच्या पाहण्यात आले नाही. गोंदो काय ठरवितो, हे पडद्यावरच पाहावे.

या चित्रपटाच्या उत्तरार्धात पोलिसांचे काम ज्या तपशिलाने दाखविले आहे, तसे अन्यत्र विरळा. फोनवरील बोलण्याच्या मागे ऐकू येणारा ट्रॅमचा आवाज, लहान मुलाने काढलेले डोंगर आणि समुद्राचे चित्र, अशा फुटकळ गोष्टींवरून वर्तुळ आवळत जाते. एकट्या हुशार गुप्तहेराऐवजी घामाघूम झालेले, नोंदवह्या उघडून एकामागून एक अहवाल देणारे साधे पोलीस येथे दिसतात. चित्रपट कृष्णधवल आहे. त्यात एकाच ठिकाणी रंग येतो. तो कोठे येतो आणि का, हे रसिकांनी शोधावे.

सातवा चित्रपट दक्षिण कोरियाचा, बाँग जून-हो या दिग्दर्शकाचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’, २००३. तो खऱ्या घटनांवर आधारलेला आहे. ह्वासाँग या ग्रामीण भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांचे आणि मुलींचे खून झाले. चित्रपटातील गावचा पोलीस म्हणतो, डोळ्यांत पाहिले की मला गुन्हेगार कळतो. त्याचे सहकारी संशयितांना बडवितात, बुटाचा ठसा बनवितात, एका मंदबुद्धी पोराकडून कबुली वदवून घेतात. राजधानीहून आलेला दुसरा पोलीस कागदपत्रांवर विश्वास ठेवणारा. पण हळूहळू त्याचाही संयम सुटत जातो, आणि हाच चित्रपटातील खरा थरार आहे. चित्रपट निघाला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. पुढे जे झाले ते पटकथेहून विलक्षण आहे. २०१९ साली जपून ठेवलेल्या वस्तूंवरील डीएनएच्या तपासणीतून खरा खुनी कळला. तो दुसऱ्या एका खुनासाठी आधीच तुरुंगात होता, आणि त्याने कबुली दिली. परंतु खटला भरण्याची मुदत २००६ सालीच संपली होती, म्हणून या खुनांबद्दल त्याच्यावर खटला होऊ शकला नाही. त्याहून भयंकर गोष्ट अशी की, त्यांपैकी एका खुनासाठी दुसऱ्याच एका माणसाने, शेतीची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या आणि पोलिओने पाय अधू झालेल्या एका कामगाराने, सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढली होती. पोलिसांनी मारून त्याच्याकडून कबुली घेतली होती. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. तो तिशीच्या आत तुरुंगात गेला, आणि निर्दोष म्हणून मोकळा झाला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता.

आठवा चित्रपट मुलाबाळांसह पाहण्याजोगा, म्हणून शेवटी ठेवला. सत्यजित राय यांचा बंगाली ‘सोनार केल्ला’, १९७४, त्यांच्याच कादंबरीवरून. मुकुल नावाच्या एका लहानग्याला मागील जन्मातील सोन्याचा किल्ला आठवतो. त्याच्या मागे लबाड माणसे लागतात. आणि फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि रहस्यकथा लिहिणारे लालमोहनबाबू असे तिघे थेट राजस्थानात जेसलमेरला पोचतात. लबाड कोण, हे राय लवकरच सांगून टाकतात. फेलूदाला ते कळते कसे, ही गंमत. अंगावर येणारी हिंसा नाही, आणि शब्दागणिक निरीक्षणाचा संस्कार आहे. सौमित्र चतर्जींचा फेलूदा पाहून मुलांनी आईबापांना ‘हे तुम्हाला कसे कळले?’ असे विचारावयास सुरुवात केली, तर आईबापांनी रागावू नये.

आता हे चित्रपट पाहावे कसे, याविषयी थोडे. एक, सलग पाहावेत, आणि हातातला मोबाइल दूर ठेवावा. रहस्यपटातील महत्त्वाची गोष्ट नेमकी आपण मान खाली घातली असता घडते. दोन, शेवटची अर्धी घटका राहिली की थांबून कागदावर लिहावे : आपला संशय कोणावर, कशावरून, आणि कोणती गोष्ट निघाली तर आपण मत बदलू. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याला त्याचे उत्तर देता येत नाही, त्याचा तो तर्क नसून हट्ट आहे. तीन, दिग्दर्शक आपल्यापुढे संशयासाठी कोणाला उभे करतो ते पाहावे. हलके चित्रपट ठरीव माणसे पुढे करतात : घरगडी, ड्रायव्हर, परप्रांतीय, लंगडा, काणा. आपल्या मनातही तीच माणसे आधीच रांगेत उभी असतात, म्हणून ती युक्ती चालते. चार, आवडलेला चित्रपट दुसऱ्यांदा पाहावा. पहिल्यांदा आपण गुन्हेगाराला शोधतो. दुसऱ्यांदा आपली स्वतःची चूक कोठे झाली ते सापडते.

आमच्या युनियनच्या कचेरीत त्या तांब्याच्या तारेच्या प्रकरणापासून एक वही ठेवलेली आहे. कोणा सभासदावर आरोप आला की प्रथम त्यालाच विचारावयाचे, आणि मग तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावयाची : कोणी पाहिले, कोठून पाहिले, आणि पाहिले म्हणजे नेमके काय पाहिले. ती उत्तरे लिहून होईपर्यंत कमिटीत मत द्यावयाचे नाही, असा नियम आहे. वहीत कधी सभासदाविरुद्धही निघते, आणि तेही आम्ही लिहितो. हे तीन प्रश्न कोणत्याही कायद्याच्या पुस्तकातून घेतलेले नाहीत. त्यांतील निम्मे श्रेय वर सांगितलेल्या चित्रपटांचे आहे, आणि निम्मे त्या बाईचे, जिने अकरा दिवसांनंतर येऊन आम्हांला पिशवीबद्दल विचारले.